उत्तराचा पिटा अन् बाबांची शुगर

नऊ पॉइंट आठ.

उत्तरानं मोबाइल डोळ्यांजवळ आणला, मग हातभर लांब धरला, मग दोन बोटांनी ताणून आकडा मोठा केला. मोठा केल्यावर तो अजूनच नऊ पॉइंट आठ दिसायले लागला. हिंगण्याच्या कंपनीतल्या लॅबमध्ये, एका हातात सॅम्पलची बाटली धरून, ती अशी थिजून उभी राहिली की बाजूच्या टेबलावरच्या दीक्षानं काम सोडून विचारलं, "काय झालं वं? कोणी गेलं का?"

"बाबाची शुगर आली."

"मग?"

"वाढली."

दीक्षानं आधी ती बाटली काढून घेतली, कारण ती आता पडणारच होती. "अवं, पण तू तं त्यांले तीन महिने पिटा खाऊ घालून राहिली न?"

हेच तं.  

आता तुम्हाले रुपराव माहीत नाहीत म्हणून सांगतो. रुपराव म्हणजे उत्तराचे बाबा, कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये बसून त्या माणसानं मीटरचे काटे वाचले. काटा केसभर हलला तरी खुर्चीतून उठत. अन् आता प्रताप नगरच्या घरात, स्वतःच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आज कोणता वार आहे, ते त्यांले दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा कसाबसा चालत होता, उजवा पार पिकलेला. दोनदा ऑपरेशनची तारीख मिळाली अन् दोनदा डॉक्टरनं शुगर पाहून परत पाठवलं. दुसऱ्या वेळेस तं डॉक्टरनं पेन खाली ठेवलं अन् म्हटलं, "रुपरावजी, हा डोळा फार दिवस थांबणार नाही. आत प्रेशर वाढलं तर मग ऑपरेशन करूनही उपयोग नाही. तीन महिन्यांची शुगर आठच्या खाली आणा, मी दुसऱ्या दिवशी डोळा करतो."

तेव्हा ती होती आठ पॉइंट नऊ.

त्याच संध्याकाळी उत्तरानं घरात जाहीर केलं, की आजपासून बाबांचं जेवण माझ्याकडे. कारण रोग तिले समजला होता. रुपरावांचं जेवण म्हणजे भाताचा ढीग, त्यावर वांग्याची तर्रीवाली भाजी. भात संपेपर्यंत भाजी अन् भाजी संपेपर्यंत पुन्हा भात. ते थांबणार कुठं, हे त्यांले स्वतःलेच माहीत नसायचं. म्हणून तिनं पिटा काढला, आतून पोकळ अशी विदेशी पोळी. पिट्याले खिसा असते. खिसा भरला की भरला, त्यात ढीग लागत नाही. रुपराव तयार झाले, पण एका अटीवर. "तू देशील ते खाईन, पण तीन महिने बोटाले सुई टोचाची नाही. शेवटी एकदाच काय ते पाहू." उत्तरानं लगेच हो म्हटलं. तिले केवढा भरवसा होता, तुम्हाले सांगतो.

रोज पाच वाजता उठायची बिचारी. कोमट पाण्यात यीस्ट अन् चमचाभर गूळ टाकायचा, दहा मिनिटांत वर फेस आला की त्यात घरचीच कणीक मळायची, मैद्याचं नाव नाही. नागपूरचा एप्रिल, झाकून ठेवलेलं पीठ अर्ध्या तासात झाकण उचलून बाहेर पाहायचं. जाडसर लाटून कडक तव्यावर टाकायचं, पलटवायचं, मग चिमट्यानं थेट आचेवर धरलं की टुम्म फुगायचं. मधोमध कापलं की दोन खिसे. एका खिशात मोडाची मटकी, दुसऱ्यात पालक नाहीतर उकडून कुस्करलेले हरभरे, वरून काकडी, टमाटर, मूठभर हिरवा सांभार, म्हणजे कोथिंबीर, चिरून. तेल फक्त फोडणीपुरतं. घरातली साखर तं तिनं पहिल्याच दिवशी शेजारच्या शोभाताईले देऊन टाकली. "आई, पांढरी साखर म्हणजे विष. या घरात दाणा दिसाले नको." यीस्टपुरती गुळाची पावडर आणून बरणीत भरली, बस.

अन् चक्का. रात्री दही फडक्यात बांधून नळाले टांगायची, सकाळी तो घट्ट गोळा डब्यात भरून फ्रीजमध्ये. त्यात लसूण, मीठ, लिंबू, भाजलेलं जिरं फेटून पिट्याबरोबर खायचं, असा तिचा बेत. व्हिडिओ दाखवला होता तिनं आईले, एकदा. तेव्हा आई कुकरच्या शिट्ट्या मोजून राहिली होती. अन् सात दहाची कंपनीची बस थांबत नाही कोणासाठी, म्हणून उत्तरा चप्पल घालता घालता रोज एवढंच बोलून जायची, "आई, बाबाले दुपारी एक पिटा अन् बाजूले चक्का. चक्क्याचं तू पाहून घे."

रात्री दही कोणी खात नाही त्यांच्या घरी, म्हणून रात्री पिटा अन् उसळ. रविवारी सगळ्याले सुट्टी, ज्वारीची भाकर अन् झुणका. म्हणजे दुपारचं पिटा-चक्क्याचं ताट उत्तरानं तीन महिन्यांत एकदाही डोळ्यानं पाहिलं नव्हतं. ही गोष्ट तिच्या तेव्हा लक्षात आली नाही. लक्षात काय आलं, तं बाबा बाहेर खातात.

बसमध्ये हिंगणा ते प्रताप नगर ती हाच विचार करून राहिली. सकाळचा फिरायचा ग्रुप. मैदानाबाहेरचा पोह्याचा ठेला. वसंतकाका, ज्यांचं पोट त्यांच्या आधी गल्लीत शिरते. सगळं जुळत होतं. घरी पोहोचेपर्यंत तिनं बाबांले मनातल्या मनात चार प्लेट तर्रीपोहे अन् दोन जिलेब्या खाऊ घातल्या होत्या.

घरी आली तं वसंतकाका समोरच. कूलरच्या पुढची खुर्ची अडवून बसलेले.

"ये वं डॉक्टरीणबाई," वसंतकाका म्हणाले. "तुझ्या त्या पिट्यानं रुपरावची पँट सैल होऊन राहिली वं. मलेही दे एखादा."

"काका, तुम्ही सकाळी कुठं जाता फिरून झाल्यावर?"

"घरी. काहून?"

"पोह्याच्या ठेल्यावर नाही जात?"

"मी जातो," काका म्हणाले. "हा नाही येत. हा गेटजवळ उभा राहून कारल्याचा ज्यूस पिते अन् माझ्याकडे असा पाहते की माझा घास अडकते."

उत्तरानं मोबाइल बाबांसमोर धरला. त्यांले दिसणार नव्हतं, तरी धरला. "नऊ पॉइंट आठ आली, बाबा."

रुपरावांले आधी कळलंच नाही. "खाली आली म्हणजे?"

"वर गेली. आठ नऊ होती, आता नऊ आठ."

तुम्ही कधी एखाद्या माणसाच्या पायाखालची पायरी निघून जाताना पाहिली का? रुपराव बसलेले होते तरी तसे झाले. स्वयंपाकघराच्या दारात आई, म्हणजे प्रेमिलाताई, हातात झारा घेऊन तशाच थांबल्या. 

"असं कसं होईन," रुपराव हळूच म्हणाले. "मशीन खराब असन."

"मशीन खराब नाही. खरं सांगा बाबा, बाहेर काय खाता तुम्ही?"

"काहीच नाही."

"मग हे काय हवेतून वाढलं?"

"उत्तरा," आई म्हणाल्या.

"तू थांब आई. मी पाच वाजता उठते, लाटते, शेकते, अन् हे तिकडे जाऊन चोरून खातात. डोळा कोणाचा जाणार आहे? माझा का?"

बोलून गेली. बोलल्यावर तिलेच ऐकू आलं, पण तोवर ते शब्द वसंतकाकांच्या कानात, आईच्या कानात, सगळीकडे जाऊन बसले होते. चोरून. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाले, त्याच्या मित्रासमोर.

रुपराव उठले. भिंतीले हात लावत लावत खोलीच्या दारापर्यंत गेले, तिथं थांबले. "तू ताटात ठेवते तेवढंच खातो मी," ते म्हणाले. "पटत नसन तं उद्यापासून ठेवू नको." अन् आत गेले.

वसंतकाका चपला शोधायले लागले. जाताना एवढंच म्हणाले, "पोरी, तो चहातही साखर घेत नाही वं. मी बळंच देऊन पाहिली, तरी नाही." उत्तराले वाटलं, दोस्त दोस्ताले वाचवून राहिला.

तुम्ही म्हणाल आता तरी थांबली असन. कुठली थांबते. दुसऱ्या दिवशी पाच वाजता उठली, पिटा शेकला, चक्का डब्यात ठेवला, कोणाशी न बोलता बस पकडली, अन् लॅबमध्ये जाऊन हाफ डे टाकला. साडेअकराले रिक्षा करून परत. आज रंगेहाथ पकडायचं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच सोडली, फाटक न वाजवता उघडलं, मागच्या दारानं आत गेली.

बाबा टेबलाशी बसलेले. रुमाल मांडीवर, हात धुतलेले, समोर रिकामं ताट. समोसा नाही, पुडी नाही, काही नाही. रुसून जेवणार नाहीत असं वाटलं होतं, पण आईनं समजावलं असणार. उत्तरा थोडी खजील झाली अन् स्वयंपाकघरात वळली.

आई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. पातेल्यावर पुरणाची चाळणी, चाळणीत तिचा चक्का, अन् आई तो हाताच्या तळव्यानं घासून घासून खाली पाडून राहिल्या होत्या. असा मऊ, लोण्यासारखा. बाजूले जायफळ, किसणी. अन् झाकण उघडलेली गुळाची बरणी.

उत्तराच्या डोक्यात काहीच शिरलं नाही आधी. म्हणजे डोळे पाहून राहिले, पण वरपर्यंत पोहोचलंच नाही.

"काय करून राहिली वं आई?"

आई दचकल्या. "तू कशी आली? बरं नाही का?"

"ते काय आहे?"

"चक्का. तूच तं ठेवून गेली."

"त्यात काय टाकून राहिली?"

"गूळ," आई म्हणाल्या, जसं कोणी विचारलं पाण्यात काय आहे अन् सांगितलं पाणी. "अन् जायफळ, वेलदोडा."

"कायले?"

आता आई तिच्याकडे पाहायले लागल्या. आपल्या पोरीले ऊन लागलं का, असं पाहतात तसं. "चक्का म्हटल्यावर श्रीखंडच करते न माणूस? दही काय कोणी फडक्यात बांधून उगीच टांगते?"

उत्तरा खाली बसली. तिथंच, फरशीवर, पर्स गळ्यात.

"किती दिवस झाले?"

"पहिल्या दिवसापासून. तू म्हटलं न, चक्क्याचं तू पाहून घे. मी पाहिलं."

"आई, अवं बाबाले शुगर आहे."

"मले माहीत नाही का?" आता आईचा आवाज चढला. "म्हणून तं साखरेचा दाणा नाही टाकला. तू म्हणाली साखर विष, मी विष नाही दिलं. गूळ टाकला, तूच आणला तो. गूळ औषधी असते. मले वाटलं, पोरीनं बापाचा विचार केला, कोरड्या पोळीसंग दोन घास गोड जाऊ दे म्हणून गूळ आणून ठेवला."

"तो यीस्टसाठी होता."

"चमचाभर यीस्टले किलोभर गूळ?"

 मग तिच्या डोक्यात आलं, की तो किलो गूळ तीन महिने पुरला कसा. बरणी रोज उघडायची ती, रोज भरलेली दिसायची, अन् एकदाही तिले प्रश्न पडला नाही.

"तू भरत होती बरणी?"

"मग. चौथा किलो चालू आहे."

चार किलो. कंपनीत दिवसाले दोनशे सॅम्पल तपासते ही पोरगी. एक थेंब जास्त झाला तं अख्खा लॉट परत पाठवते. अन् घरच्या फ्रीजमधल्या डब्यात एकदा बोट बुडवून पाहिलं नाही.

"दोन चमचेच देत होती न?" तिनं शेवटची आशा म्हणून विचारलं.

"दोन चमच्यात काय होते? वाटी."

बाहेर टेबलाशी हे सगळं ऐकू जात होतं. रुपराव दारात येऊन उभे राहिले, रुमाल हातातच. "म्हणजे श्रीखंड डाएटमध्ये नव्हतं?"

उत्तरानं बसल्या बसल्या नकाराची मान हलवली.

"मी सगळ्या ग्रुपले सांगितलं," रुपराव म्हणाले. "म्हटलं माझ्या पोरीचं डाएट पाहा, त्यात रोज श्रीखंड आहे. दोघातिघांनी घरी भांडणं केली यावरून. वसंता म्हणे, असं डाएट असन तं मी आजच शुगर करून घेतो."

आईच्या हातातली चाळणी सुटून पातेल्यात पडली. त्यांले आता समजलं होतं. गूळही शेवटी साखरच, आकडा कुठून आला, सगळं एकदम. त्यांनी पदर तोंडाले लावला अन् त्यांचे डोळे असे झाले, की उत्तरा फरशीवरून उठली अन् तिनं आईचे चक्क्यानं भरलेले हात धरले. "तुझी चूक नाही वं आई," ती म्हणत राहिली. पण माफी ज्याची मागायची होती तो माणूस दारात उभा होता, अन् त्याच्याकडे पाहून एक शब्द फुटेना. चोरून म्हणाली होती ती. त्या शब्दाचं काय करायचं असते, ते कोणी सांगितलं नव्हतं तिले.

मग तिनं लसूण सोलला. काय करणार, हाताले काम पाहिजे होतं. अर्धा चक्का अजून डब्यात साधा होता. त्यात लसूण ठेचून टाकला, मीठ, लिंबू, भाजलेलं जिरं, खूप सांभार. फेटून वाटीत काढून बाबांसमोर ठेवला, पिट्याचा खिसा मटकीनं भरला, अन् पहिल्यांदा स्वतःचं ताट घेऊन बाजूले बसली.

रुपरावांनी पिट्याचा तुकडा बुडवला, तोंडात घातला. तोंड थांबलं. भुवया वर गेल्या. बराच वेळ घास गालात ठेवून ते समोर पाहत राहिले.

"हे," ते म्हणाले, "हे तू मले तीन महिने देणार होती?"

"हो."

त्यांनी गिळलं. "चांगलं झालं तुझ्या आईनं देलं नाही. पहिल्याच दिवशी पळून गेलो असतो."

आईले हसू आलं अन् रडूही, दोन्ही एकाच वेळेस, अन् रुपरावांनी मुकाट्यानं वाटी संपवली. दुसऱ्या दिवशीही संपवली. चौथ्या दिवशी म्हणाले, लसूण जरा वाढव.

डॉक्टरले आकडा कळवला तं त्यानं एक गोळी वाढवली अन् म्हटलं, डोळा आता तीन महिने थांबत नाही, महिनाभर रोज घरी मोजा, उपाशीपोटी दीडशेच्या खाली टिकली तर करून टाकू. रुपरावांनी कुठलीही अट न घालता बोट पुढं केलं. उत्तरानं दुपारची पाळी मागून घेतली. आता बाबांले साडेअकराले जेवायले वाढते, स्वतः त्यांच्यासंग जेवते, अन् मग बस धरते. आई चाळणीकडे पाहतही नाही. पहिल्या आठवड्यात एकशे ऐंशी, मग एकशे साठ, मग एकशे एक्केचाळीस. एक दिवस एकशे अठ्ठावीस आली तं आईनं, मशीन उलटं धरलं असन म्हणून, दोनदा टोचायले लावलं.

महिन्यानं तिघंही डॉक्टरसमोर बसले. डॉक्टरनं वही पाहिली, जुना रिपोर्ट काढून बाजूले ठेवला, पुन्हा वही पाहिली. चष्मा काढला.

"हे चमत्कारिक आहे," डॉक्टर म्हणाला. "एवढी वाढली होती ती, अन् एवढ्या लवकर खाली? काय चालू होतं घरात? कोण काय देत होतं यांना?"

आईची मान खाली गेली. पदराचं टोक बोटाले गुंडाळणं सुरू झालं. उत्तरानं श्वास घेतला. आता सांगायचंच, गूळ मी आणला होता, मी पाहिलं नाही, आईले काही म्हणू नका. तिनं तोंड उघडलं, अन् तिच्या आधी बाबा बोलले.

"मी चोरून खात होतो, डॉक्टरसाहेब."

उत्तराचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"बाहेर," रुपराव म्हणाले. "पोहे. जिलेबी. या दोघी बिचाऱ्या पथ्याचं करून घालत, अन् मी ठेल्यावर जात होतो."

मग काय बोलला तो डॉक्टर. वय काय तुमचं, लाज नाही वाटत, डोळा तुमचा आहे की माझा, पोरगी राबते अन् तुम्ही फसवता. पाच मिनिटं. रुपराव खाली मान घालून, हात मांडीवर ठेवून, सगळं ऐकत होते. उत्तरा दोनदा उठायले गेली, दोन्ही वेळेस टेबलाखालून त्यांनी तिचा हात दाबून बसवला. शेवटी डॉक्टर थकला अन् त्यानं कागदावर लिहून दिलं, गुरुवार, सकाळी आठ, उजवा डोळा.

बाहेर रस्त्यावर आल्यावर आईनं त्यांले थांबवलं. आवाज कसाबसा काढला. "अहो, कायले खोटं बोलले तुम्ही?"

"तुले बोलला असता तो," रुपराव म्हणाले, गुरुवारचा कागद घडी करून खिशात ठेवत. "मले सवय आहे. घरी झाली न एकदा प्रॅक्टिस."

बोलताना ते उत्तराकडे पाहून राहिले नव्हते. तरी तिले समजलं. रिक्षा थांबवायले तिनं हात वर केला होता, तो तसाच वर राहिला. दोन रिक्षा येऊन, विचारून, निघून गेल्या.

"बाबा," ती म्हणाली, "मी त्या दिवशी चुकले."

"हो," रुपराव म्हणाले. "आता हात खाली कर. ड्रायव्हर लोक घाबरून राहिले."